पाच उदाहरणं, पाचही विरोधात

अकरावीच्या एनसीईआरटी जीवशास्त्राच्या पुस्तकात, प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या प्रकरणात, निडारिया (समुद्रफुलं, प्रवाळ, जेलीफिश) संघाला फार थोडी जागा मिळाली आहे. तेवढ्यात ठामपणे सांगितलं आहे की हे प्राणी अरीय सममितीचे असतात; म्हणजे शरीराच्या मधल्या अक्षातून कोणत्याही बाजूने उभा छेद घेतला तरी दोन सारखे भाग मिळतात. परिच्छेदाच्या शेवटी उदाहरणं दिली आहेत पाच: फायसेलिया, अ‍ॅडम्सिया, पेनॅट्युला, गॉर्गोनिया आणि मिअँड्रिना. नीट परीक्षेला बसणारी मुलं ही पाच नावं आणि ते विधान एका दमात म्हणून दाखवतात. या पाचांपैकी एकालाही ते विधान लागू पडत नाही.

मी बंगळुरूच्या राजाजीनगरात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरवर, तोही घाट उतरून मंगळुरूला. वर्गातल्या बऱ्याच मराठी मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो मे महिन्यात, रत्नागिरी-मालवणला आजीकडे गेल्यावर. अशा मुलांना प्रवाळाचं शरीर शिकवायचं तर हाताशी असतं फक्त पुस्तक. म्हणून पुस्तकातलं वाक्य चुकलेलं मला चालत नाही. हे मी एका पालकसभेत बोलले, तेव्हा माझ्या चांगल्या ओळखीच्या, दांडगा अनुभव असलेल्या एका मराठी शिक्षकांनी सगळ्यांसमोर मला खोडून काढलं. त्यांचं म्हणणं असं: बाहेरून गोल दिसतं ना, मग अरीयच, आतले बारकावे म्हणजे शब्दच्छल. दुसरं, हे प्राणी उत्क्रांतीच्या सर्वांत खालच्या पायरीवरचे, दोनच भ्रूणस्तरांचे. यांना डावं-उजवं हवंय कशाला? आणि तिसरं, मुलांना एकच उत्तर द्यावं, गोंधळ झाला की गुण जातात. सर सज्जन आहेत आणि मुलांसाठी झिजतात, याबद्दल मला शंका नाही. त्यांची तिन्ही विधानं मात्र चुकीची आहेत. त्यांच्यासारखं मानणारे शिक्षक शेकड्यांनी आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देते.

पहिला मुद्दा, बाहेरून दिसणाऱ्या गोलपणाचा. प्राणिशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांत समुद्रफुलाच्या आडव्या छेदाची काचपट्टी असते, बहुधा मेट्रिडियमची. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि सर्वांत कमी वर्धनावर पाहा. बाहेरची कड गोल आहे, कबूल. मधोमध घसा आहे. पण तो गोल नाही, चपटा आहे, एका दिशेने ताणलेली फट. त्या फटीच्या एका टोकाला, कधी दोन्ही टोकांना, जाड भिंतीची आणि दाट केसलांची पन्हळ दिसते. तिला सायफोनोग्लिफ म्हणतात. तिथून पाणी आत ओढलं जातं. आता घशापासून बाहेरच्या भिंतीकडे जाणारे पडदे पाहा. ते जोड्यांनी आहेत आणि प्रत्येक पडद्यावर एका बाजूला स्नायूंचा फुगवटा आहे. बहुतेक जोड्यांत हे फुगवटे एकमेकांकडे तोंड करून आहेत. पन्हळीला चिकटलेल्या जोडीत मात्र ते एकमेकांकडे पाठ करून आहेत. या जोडीला दिग्दर्शक जोडी म्हणतात, कारण प्राण्याच्या शरीरात एक खास दिशा आहे हे तिच्यावरूनच कळतं. आता मुलांच्या हातात पट्टी द्या आणि सांगा, दोन सारखे भाग होतील अशा रेषा काढा. पन्हळ एकच असेल तर एकच रेषा निघते. दोन असतील तर फार तर दोन. कोणतीही रेषा चालेल असं म्हणायची सोय उरत नाही.

हा शब्दच्छल कसा? बेडकाचं हृदय, गांडुळाची चेतारज्जू हे सगळं आपण आत पाहूनच शिकवतो. बाकी सगळ्या संघांना कापून बघायचं आणि निडारियांपुढे मात्र कडेवरच थांबायचं, हा कुठला नियम?

पुस्तकाच्या यादीतलं अ‍ॅडम्सिया तर बाहेरूनही गोल नाही. हे समुद्रफूल शंखातल्या संन्यासी खेकड्याच्या अंगावर राहतं. त्याचा तळ दोन बाजूंनी पसरून शंखाला वेढतो आणि दोन्ही पाळ्या एकमेकींना येऊन भिडतात. पुस्तकातल्या चित्रात ते साध्या समुद्रफुलासारखं उभं दाखवलंय, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

उरलेले चारही वसाहत करून राहणारे. इथे प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण वसाहतीत सममिती दोन पातळ्यांवर पाहावी लागते: एकेका झूइडाची, म्हणजे वसाहतीतल्या एकेका घटक प्राण्याची, आणि सगळ्या वसाहतीची. सरांच्या बोलण्यात या फरकाचा उल्लेखही नव्हता. पेनॅट्युला, म्हणजे समुद्रपीस, घ्या. त्याचा पोहणारा डिंभ तळाशी रुजतो आणि त्याचा पहिला पॉलिप होतो. हा पॉलिप वाढत जाऊन अख्ख्या वसाहतीचा दांडा बनतो; खालचं टोक चिखलात रुततं, वर उरतो तो कणा. बाकीचे पॉलिप त्याच्या दोन कडांना फुटतात, डावीकडे पानं आणि उजवीकडे पानं. दांड्याला पुढची बाजू आहे, मागची बाजू आहे. द्विपार्श्व सममितीचं इतकं उघड उदाहरण त्या प्रकरणात दुसरं शोधायला वेळ लागेल, आणि ते अरीय म्हणून छापलं आहे! त्याचा एकेक पॉलिपही तपासा. आठ संस्पर्शक, आठ पडदे. वरून पाहिलं तर अष्टकोनी तारा. आत मात्र एकच सायफोनोग्लिफ, आणि आठही पडद्यांवरचे स्नायू त्याच बाजूला वळलेले. गॉर्गोनियाच्या पॉलिपचीही रचना हीच, आणि त्याची वसाहत एकाच प्रतलात पसरलेला पंखा आहे. मिअँड्रिना, मेंदू-प्रवाळ, हे तर वेगळंच प्रकरण. त्याचे पॉलिप विभागायला लागतात पण पूर्ण सुटे होत नाहीत. एकाच नागमोडी दरीत एकामागून एक तोंडं, आणि संस्पर्शकांच्या रांगा दरीच्या दोन्ही काठांनी. मधला अक्ष नेमका कुठे धरायचा, हे सरांनी मला दाखवावं.

आता फायसेलिया. 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर निळ्या बाटल्या लागल्या आणि कित्येकांना डंख झाले, ती बातमी अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्यांना कोकणच्या किनाऱ्यावर आणून टाकतो. निळा फुगा, त्यावर शीड, खाली लोंबणारे धागे. हा एक प्राणी नव्हे, एकाच फलित अंड्यातून अंकुरत गेलेल्या झूइडांची वसाहत आहे. कोणी शिकार करणारा, कोणी पचवणारा, कोणी प्रजननाचा. या वसाहतीला डावं-उजवं आहे, इतकंच नाही, ती दोन हातांची असते: काही वसाहती डावखुऱ्या, काही उजव्या. फुग्याच्या ज्या बाजूला झूइडांचे घोस वाढतात ती बाजू दोन्हींत उलट, शिडाचा कलही उलट. त्यामुळे एकाच वाऱ्यात एक प्रकार एकीकडे तिरका जातो, दुसरा दुसरीकडे, आणि किनाऱ्यावर लागलेल्या ढिगात बहुधा एकाच हाताच्या वसाहती जास्त सापडतात. आपला डावा तळहात उजव्यावर बसत नाही, तसं या दोन वसाहतींचं आहे. अशा प्राण्याला अरीय म्हणायचं तर सममिती या कल्पनेला अर्थच राहत नाही. जाता जाता, समतोलासाठी सांगते: याच दिवसांत किनाऱ्यावर पॉर्पिटाच्या निळ्या चकत्याही येतात, आणि त्या खरोखर गोल आहेत. अरीय निडारिया जगात नाहीतच असं मी म्हणत नाही. पुस्तकाने निवडलेले पाच अरीय नाहीत, असं म्हणते.

सरांचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला, कारण त्यात माहितीपेक्षा वृत्तीचा दोष आहे. खालची पायरी, म्हणून साधं शरीर, म्हणून डावं-उजवं नको. ही साखळी पहिल्या कडीपासूनच कच्ची आहे. क्युव्हियेने 1812 मध्ये प्राण्यांचे चार गट केले, त्यातला शेवटचा रेडिएटा. समुद्रफुलं आणि तारामासे त्याने एकाच टोपलीत टाकले होते. ती टोपली 1840 च्या दशकात ल्यूकार्टने मोडली. पण 'अरीय म्हणजे तळाचे' ही समजूत पाठ्यपुस्तकांतून आजवर चालत आली. तारामाशांच्या बाबतीत पुस्तक सावध आहे: प्रौढ अरीय, पण डिंभ द्विपार्श्व, असं ते नीट सांगतं. म्हणजे भ्रूण आणि डिंभ यांची साक्ष महत्त्वाची असते, हे पुस्तकाला मान्य आहे. मग हीच साक्ष प्रवाळाच्या बाबतीत का घेतली नाही?

ती काय सांगते ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर अ‍ॅक्रोपोरा जातीचे प्रवाळ वर्षातल्या मोजक्या रात्री, पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. फलित अंडं विभागत जातं आणि काही तासांत त्याची एक वेडीवाकडी चपटी चकती होते. संशोधक त्या अवस्थेला तळलेल्या कोळंबी-पापडाचं नाव देतात. चकतीच्या कडा हळूहळू वर वळतात, वाडगा होतो, वाडग्याचं तोंड आवळत जातं आणि पेशींचा एक थर आत जातो. 2002 मध्ये डेव्हिड हेवर्ड, एल्डन बॉल, डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्रोपोरा मिलेपोराच्या भ्रूणात डीपीपी नावाच्या जनुकाचा माग काढला. फळमाशीच्या भ्रूणात पाठ कुठली हे ठरवणारा तो हाच जनुक; आपल्यासारख्या पृष्ठवंशीयांत त्याच घराण्यातले बीएमपी जनुक पोटाची बाजू ठरवतात. प्रवाळाच्या भ्रूणात तो आवळत जाणाऱ्या तोंडाभोवती गोलाकार दिसायला हवा होता, सर म्हणतात तसं शरीर असतं तर. तो दिसला तोंडालगतच्या एकाच भागात. ना संस्पर्शक फुटलेले, ना पडदे, ना सांगाडा. आणि एक बाजू दुसऱ्या बाजूहून वेगळी झालेलीसुद्धा.

दोन वर्षांनी, 2004 मध्ये, फिनर्टी, मार्टिंडेल आणि सहकाऱ्यांनी नेमॅटोस्टेला या छोट्या समुद्रफुलात तेच पाहिलं. ते वसाहत करत नाही, पण प्रवाळांच्या वर्गातलंच. तिथे डीपीपी एका बाजूला, आणि ज्यांच्यामुळे आपल्या शरीरात मानेचे आणि छातीचे मणके वेगळे घडतात त्या हॉक्स जनुकांचे नातलग ठरावीक जागी. पुढे व्हिएन्नातल्या टेक्नाऊ आणि गेनिखोविच यांच्या गटाने आणखी खोलात जाऊन पाहिलं. बीएमपी किंवा त्याला आवर घालणारं कॉर्डिन यांचं काम थांबवलं, की भ्रूणातली ही आडवी दिशा नाहीशी होते आणि भ्रूण खरोखरच अरीय होतो. सरांनी इथे क्षणभर थांबावं. समुद्रफुलाला पुस्तकातल्यासारखं अरीय करायचं असेल, तर आधी त्याचा विकास बिघडवावा लागतो.

आणि हे सगळं परदेशातच घडतं असं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने वर्षानुवर्षं हायड्रावर काम केलं आहे. हायड्रा हा निडारियांतला खराखुरा अरीय प्राणी. बीएमपीला अडवणारा नॉगिन नावाचा जनुक त्यांना हायड्रात सापडला, आणि 2010 मध्ये जपानी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं की हायड्राचा हा नॉगिन बेडकाच्या भ्रूणातही काम करतो, शरीराचा अक्ष घडवण्यात भाग घेतो. ज्या प्राण्याला पाठ नाही, पोट नाही, त्याच्या जनुकाची भाषा बेडकाच्या भ्रूणाला कळते. पुण्यात झालेलं हे काम महाराष्ट्रातल्या मुलांच्या पुस्तकात का नसावं? दहावीच्या मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात अरीय सममिती आणि द्विपार्श्व सममिती हे शब्द आहेतच. त्यांच्या शेजारी या कामाला दोन ओळी सहज मिळतील.

माझ्याविरुद्ध एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. सरांनी तो घेतला नाही, पण घ्यायला हवा होता, म्हणून मीच मांडते. निडारियांची द्विपार्श्वता आणि आपली द्विपार्श्वता ही एकाच पूर्वजाकडून आली, की दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली? हायड्रा आणि जेलीफिश यांच्यात ती दिसत नाही. त्यांनी ती गमावली, की त्यांच्याकडे कधी नव्हतीच? जनुकं तीच असली म्हणजे रचनाही वारशाने आली, असं सिद्ध होत नाही. या विषयातल्या जाणत्या लोकांत यावर मतभेद आहेत, आणि आपला पूर्वज द्विपार्श्व होता असा दावा मी करत नाही. पण या मतभेदाचा सरांना काहीच उपयोग नाही. उत्तर कोणतंही निघो, आजच्या प्रवाळाचं, समुद्रपिसाचं, समुद्रफुलाचं शरीर अरीय ठरत नाही. उत्पत्तीचा वाद वेगळा, समोर दिसणारी रचना वेगळी.

पायरीच्या कल्पनेबद्दल आणखी एक. मुंबई-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला झोअँथिडांचे गालिचे उघडे पडतात, हिरवट-तपकिरी, चिकटून वाढलेले शेकडो पॉलिप. पर्यटक त्यांना शेवाळ समजून तुडवत जातात. या पॉलिपांत नवे पडदे चहूकडे वाढत नाहीत; पन्हळीच्या बाजूच्या दिग्दर्शक जोडीला लागून, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोनच जागी वाढतात. आयुष्यभर. मुलांना 'तळाचे प्राणी' म्हणून शिकवलं की ते तुडवणं सोपं जातं. हा माझा तर्क नाही. मे महिन्यातल्या सहलींचे फोटो मुलं मला दाखवतात, त्यात पायाखाली काय आहे ते मला दिसतं.

उलट बाजूही पाहा. बॉट्रिलस हा वसाहत करणारा असिडियन आपल्याच संघातला, रज्जुमान. त्याची वसाहत म्हणजे मऊ आवरणात रुतलेले तारे. प्रत्येक ताऱ्यात झूइड मधल्या सामाईक छिद्राभोवती गोल मांडलेले. नुसतं बाहेरून पाहून ठरवायचं तर हा अरीय आणि तळाचा. पण त्याचा डिंभ बेडकाच्या पिल्लासारखा पोहतो. शेपटीत पृष्ठरज्जू, पाठीवर चेतानलिका. असिडियनांना एके काळी मृदुकाय प्राण्यांत ढकललं होतं. 1866 मध्ये कोवालेव्हस्कीने त्यांचा भ्रूण आणि डिंभ नीट पाहिला, आणि ते तिथून उठून आपल्या शेजारी आले. बॉट्रिलसची वसाहत तर तेच शरीर दोन वाटांनी घडवते: एकदा अंड्यातून, भ्रूण आणि डिंभ होऊन, आणि पुढे दर आठवड्याच्या आसपास जुन्या झूइडाच्या भिंतीतून अंकुर फुटून, भ्रूणाविनाच. दोन्ही वाटांनी हृदय आणि आतडं ठरलेल्या बाजूलाच येतं. प्रौढ प्राण्याच्या कडेकडे पाहून त्याची पायरी ठरवण्याची पद्धत दीडशे वर्षांपूर्वीच फसली होती. ती आपण मुलांच्या माथी अजून का मारतो आहोत?

राहिला गुणांचा प्रश्न. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक; जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न, सातशेवीसपैकी तीनशेसाठ गुण. एका प्रश्नावर हजारो मुलं पुढेमागे होतात, हे मला सरांइतकंच ठाऊक आहे. म्हणून वर्गात मी मुलांना सांगते, पेपरात पुस्तकाप्रमाणेच लिहा. पण पेपरात काय लिहायचं आणि खरं काय आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सतरा वर्षांच्या मुलाला कळतं. त्याने त्याचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो पुढे, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी भ्रूणशास्त्रात बीएमपी आणि कॉर्डिन समोर येतात तेव्हा. कारण ही यंत्रणा फक्त 'वरच्या' प्राण्यांची, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खेड्यातल्या मुलांवर ओझं पडेल, असंही सर म्हणाले. समुद्रफुलाचा छेद काढून दाखवायला फळा आणि खडू पुरतो, आणि खेड्यातल्या मुलांना पट्टीने रेषा काढता येतात.

पुस्तकात करायची दुरुस्ती मोठी नाही. निडारिया बाहेरून बहुधा अरीय दिसतात, पण समुद्रफुलं, प्रवाळ आणि समुद्रपिसं यांच्या अंतर्रचनेत आणि भ्रूणात द्विपार्श्वता असते. वसाहतींत झूइडाची सममिती आणि वसाहतीची सममिती निरनिराळी असू शकते. तारामाशांसाठी पुस्तकाने जितकी जागा खर्च केली, त्यापेक्षा याला जास्त लागत नाही. आणि अरीय सममितीची उदाहरणं हवीच असतील, तर हायड्रा आणि ऑरेलिया त्याच पानांवर आहेत, ऑरेलियाचं तर चित्रही आहे. त्या दोघांना यादीत घ्यावं, पेनॅट्युलाला द्विपार्श्व प्राण्यांच्या रांगेत बसवावं, आणि फायसेलियाखाली एवढंच छापावं की ती डावखुरी असते किंवा उजवी.